पोरं शिकवली की पळतात

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून एका उद्योजक वाचकांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे, त्याचा गोषवारा असा:

“वडिलांनी तीस वर्षांपूर्वी फौंड्री (धातू ओतायचा कारखाना) टाकली. आता गिऱ्हाईक नुसतं कास्टिंग (ओतीव तुकडा) घेत नाही, मशीनिंग करून तयार जॉब (सुटा भाग) मागतं. म्हणून कर्ज काढून दोन सीएनसी लेथ आणि तीन व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणाऱ्या, धातू कापायच्या मशीन) घेतल्या. ठेकेदाराची धरून ४६ माणसं आहेत. ऑर्डर वाढलीय, तिसरी शिफ्ट लावायचीय, पण ऑपरेटर मिळत नाहीत. आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन येणाऱ्यांना मायक्रोमीटर (मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायचं साधन) वाचता येत नाही. आम्ही शिकवतो. सहा-आठ महिन्यांत हात बसला की अडीच हजार जास्त मिळतात म्हणून पोरगं चाकणला जातं, नाहीतर शेजारच्याच प्लॉटवर. वर्षात नऊ जण गेले (आणि महिन्याला दीड लाखाचा माल रिजेक्ट होतो). मित्र म्हणतात, दोन वर्षांचा बाँड लिहून घे, मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेव. एक एजन्सीवाला म्हणतो, माणशी पैसे द्या, पोरं मी देतो, कागदावर अॅप्रेंटिस दाखवू. आता वाटतं, शिकवणंच बंद करावं. काय करू?”

खाली ता. क. आहे, पुतण्याबद्दल. त्याच्याकडे शेवटी येतो.

स. न. वि. वि.

नऊ जण गेले हे तुम्ही चार पानांत तीनदा लिहिलंय. दीड लाखाचं रिजेक्शन एकदाच, तेही कंसात. मी तुमच्या जागी असतो तर उलटं केलं असतं. दीड लाख महिन्याला म्हणजे वर्षाला अठरा लाख. तुम्ही त्याला नुकसान म्हणता, मी फी म्हणतो. तुमच्या शेडमध्ये एक शाळा आत्ताही चालू आहे. पोरं गिऱ्हाइकाच्या मालावर शिकतात, चुकतात, जॉब भंगारात जातो आणि त्यांची फी तुम्ही भरता. या शाळेला मास्तर नाही, वेळापत्रक नाही, परीक्षा नाही. शिकवणं बंद करावं म्हणता, पण ते तुम्ही अजून सुरूच केलेलं नाही. “सहा-आठ महिने शिकवतो” याचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच असतो की सहा-आठ महिने पोरगं मशीनपाशी उभं असतं.

राग मानू नका. मी आधी आयटीआयत निदेशक होतो, मग कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात. दोन्हीकडच्या चुका मी स्वतः केल्यात.

आणि ही शाळा तुमच्या एकट्याची नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आहे: १५ ते २९ वयाच्या तरुणांपैकी जेमतेम ४.४ टक्क्यांनी रीतसर व्यवसाय प्रशिक्षण घेतलेलं आहे. वर्तमानपत्रांनी तेवढाच उचलला. त्याच वाक्यात पुढे आहे की आणखी १६.६ टक्के अनौपचारिक मार्गाने शिकलेत. म्हणजे बापाकडून, काकाकडून, उस्तादाच्या हाताखाली. शिकलेल्यांपैकी दर चार-पाच जणांत एक जण वर्गात शिकला, बाकीचे कुणाच्या तरी शेजारी उभं राहून. कोल्हापूरला हे सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा १९१८ साली इथंच, स्वतःच्या हातांनी जुळवला. म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं उद्यमनगरात इंजिनं उभी केली ती कुठल्या सर्टिफिकेटवर नाही. शेजारी उभं राहून शिकणं ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. फक्त शेजारचा माणूस दाखवणारा हवा.

इथं मला माझ्या उमेदवारीतला एक कातारी आठवतो. तुमच्या पिढीला टर्नर म्हणायची सवय, आमच्या आयटीआयच्या दाखल्यावर कातारी लिहिलेलं असे, फिटरला जोडारी, वेल्डरला संधाता. तर हा कातारी हाताने असा कसबी की पितळेचा बुश त्याने काढला की पॉलिश करायला नको. पण टूल घासायची वेळ आली की ग्राइंडरकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ. मुद्दाम. मी डावीकडून डोकावलो की तो डावीकडे सरकायचा. टूलला कोन किती दिला हे त्यानं मला आठ महिने कळू दिलं नाही. पुढे कधीतरी चहा पिताना म्हणाला, “तुला सगळं दाखवलं तर मालक मला कशाला ठेवंल?”

तो चुकीचं बोलत नव्हता. तुमच्याकडेही असा एक सेटर (मशीन नव्या जॉबला लावून देणारा) असणारच, पत्रात दोनदा त्याचा उल्लेख आहे: “आमचा जुना माणूस, त्याच्याशिवाय मशीन लागत नाही.” तो हातचा राखून शिकवतो अशी तुमची कुरकूर आहे. अहो, तो का नाही राखणार? त्याला जे येतं तीच त्याची एफडी. ती त्यानं नऊ पोरांना फुकट वाटावी, आणि ती पोरं अडीच हजार जादा घेऊन निघून जावीत, याच्या हाती काय? पहिला खर्च इथं करा. एक पोरगं स्वतंत्रपणे सेटिंग करायला लागलं की सेटरला ठरलेली रक्कम, रोख किंवा पगारात, आणि ती आधी जाहीर करून. त्याच्या हुद्द्यात ‘प्रशिक्षक’ हा शब्द घाला. त्याच्याकडे कागद नसेल (बहुधा नसेलच), तर पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे, ती करून द्या. पन्नाशीच्या माणसाला पहिलं सर्टिफिकेट मिळाल्यावर तो ते घरी कुठं लावतो ते एकदा जाऊन बघा.

आता प्रत्यक्ष शिकवायचं काय, ते एका जॉबवर सांगतो.

धरा, हबचं कास्टिंग सीएनसी लेथवर चाललंय. बाहेरचा व्यास ७२ मिमी, वर शून्य, खाली ०.०३ एवढीच मुभा. पोरगं चकमध्ये जॉब बांधतं, बटण दाबतं, दार उघडतं, जॉब काढतं. त्याला तुम्ही ऑपरेटर म्हणता. पहिला जॉब ७१.९८ आला, ओके. पाचवा ७१.९८. बारावा ७१.९९. विसावा ७१.९९. मशीन बिघडलेलं नाही, इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार झिजतेय, म्हणून व्यास हळूहळू वाढतोय. ज्याला हे दिसतं तो विसाव्या जॉबला थांबतो, एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये (झीज भरून काढायला मशीनला द्यायची दुरुस्ती) उणे ०.०१ टाकतो, पुढचा जॉब ७१.९८ च्या आसपास आणून ठेवतो आणि इन्सर्टची कड कधी बदलायची ते वहीत लिहितो. ज्याला दिसत नाही तो बटण दाबत राहतो. चाळिसाव्या जॉबला इन्स्पेक्शनवाला येतो, ७२.०१ सापडतं, मग मागचे सगळे पुन्हा मोजा, आरडाओरडा, रिवर्क.

या दोन पोरांमध्ये फरक सर्टिफिकेटचा नाही, प्रोग्रॅमिंगचाही नाही. फरक एवढाच की एकाला कुणीतरी सांगितलं होतं की आकडा स्थिर नसतो, तो सरकतो, आणि सरकणाऱ्या आकड्यावर नजर ठेवणं हे तुझं काम आहे. हे सांगायला किती वेळ लागतो? दोन दुपार. तुम्ही सांगितलंय का? बहुतेक शेडमध्ये ऑफसेटच्या पानाला पासवर्ड घातलेला असतो, “पोरांनी हात लावू नये” म्हणून. मग पोरगं काय शिकणार? दार उघडायला.

मायक्रोमीटर वाचता येत नाही हे तुमचं गाऱ्हाणं खरं आहे, आणि त्यात आमची, म्हणजे मास्तरांची, लाज आहे. मी होतो त्या संस्थेत वीस पोरांत एक सीएनसी होती आणि तिचा कंट्रोलर दुरुस्तीच्या मंजुरीसाठी वर्षभर बंद होता. आम्ही फळ्यावर जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, शिकवले. पोहण्याची पुस्तकं वाचून घेतली म्हणा ना. पण मायक्रोमीटरला वीज लागत नाही की मंजुरी लागत नाही, तो यायला हवा होता. तेव्हा तुम्ही भरतीची पद्धत बदला. सर्टिफिकेट बघू नका, बायोडाटाही नको. टेबलावर एक तयार जॉब, ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि एक फडकं ठेवा. दहा मिनिटं द्या आणि गप्प बसा. आकडा बरोबर आला का हे नंतर बघा. आधी बघा, तो मोजण्यापूर्वी टोकं पुसतो का. शून्य तपासतो का. थिंबल आवळतो की रॅचेट फिरवून टकटक ऐकतो. एकाच ठिकाणी मोजतो की जॉब फिरवून दोन-तीन ठिकाणी. आकडा चुकला पण टोकं पुसली, तर पोरगं घ्या. वाचायला आठवड्यात येईल. पुसायची सवय आठवड्यात लागत नाही.

एजन्सीवाल्याचं थोडक्यात: दारात उभा करू नका. तो जे सुचवतोय ते नवं नाही. कामगार कामगारासारखा राबवायचा आणि कागदावर शिकाऊ दाखवायचा, म्हणजे पीएफ नको, ईएसआय नको. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्यात अॅप्रेंटिस हा कामगार धरलेला नाही, शिकणारा धरलाय, म्हणून ती सवलत. शिकवणं वजा केलं की उरते ती फसवणूक. त्या पोराचं बोट गेलं तर निस्तरणार तुम्ही, एजन्सीवाल्याचा फोन तोवर बंद.

पण गंमत बघा, हाच कायदा सरळ वापरला तर तुमच्या उपयोगाचा आहे, आणि तो तुम्हाला लागूही आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्या मनुष्यबळात ठेकेदाराची माणसंही मोजायची. तुमच्या ४६ वर हिशेब करा: कमीत कमी एक-दोन, जास्तीत जास्त सहा. पहिल्या वर्षी चार घ्या. राष्ट्रीय अॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी, उमेदवाराशी करार, कराराची नोंद. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन धरलं होतं. नोंदणी करताना तिथं दिसेल तो चालू आकडा धरा. २०१६ पासूनच्या प्रोत्साहन योजनेत त्यातला पंचवीस टक्के वाटा, दीड हजारांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. ओव्हरटाइम मात्र लावायचा नाही, त्याला अॅप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते. आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरी द्यायलाच हवी असं बंधन तुमच्यावर नाही, तसं तुमच्याकडेच राहावं असं त्याच्यावरही नाही.

किमान हा शब्द नीट वाचा. शिरोलीत खोली तिघांत घेतली, मेस लावली, गाडीत पेट्रोल घातलं की सात हजारांत पोराच्या हातात चहापुरतेही उरत नाहीत. कायदा तळ सांगतो, तुम्ही वर जा. दहा-अकरा हजार द्या आणि एक वेळचं जेवण कँटीनमध्ये. हा पैसा अठरा लाखांतून येईल.

वेळ कुठून आणायचा? मशीन मोकळी नाही, हे तुम्ही लिहिलंय आणि ते खरं आहे. चालत्या व्हीएमसीवर शिकवायला लागलात तर प्रॉडक्शन मॅनेजर तुमच्याशी भांडेल, आणि त्याचं बरोबर असेल. पण पहिल्या तीन महिन्यांत व्हीएमसी लागतच नाही. वडिलांच्या काळातली एक तरी जुनी लेथ शेडच्या मागं ताडपत्रीखाली असेल. ती बाहेर काढा. पोराला हातानं चाक फिरवून अर्धा मिलिमीटर काप घेऊ द्या, आवाज बदलला की काय झालं ते ऐकू द्या, बिड (ओतीव लोखंड) कसं भुगा होऊन पडतं आणि स्टीलची चिप कशी वळते ते बघू द्या. हे ज्याच्या हातात गेलं नाही तो सीएनसीच्या काचेमागं काय चाललंय ते ओळखू शकत नाही. शिवाय रोज शिफ्ट बदलताना अर्धा तास: काल कुठला जॉब रिजेक्ट झाला, तो टेबलावर ठेवायचा आणि का झाला एवढंच बोलायचं. तुमच्याकडे रोजचं शिक्षणाचं साहित्य भंगाराच्या ढिगात पडलंय, विकत आणायला नको.

कुणाला पुढं न्यायचं असेल, सेटर किंवा टूल डिझाइनपर्यंत, तर संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. एखाद्या पोराला तुमच्या खर्चानं छोट्या कोर्सला पाठवा. सगळ्यांना नको, ज्याची नजर बसली त्यालाच.

आता पळून जाण्याबद्दल. सर्टिफिकेटं कपाटात ठेवायचं मनातून काढून टाका. तो कागद त्याचा आहे. बाँडवर सही घेता येते हो, पण पाच-दहा हजारांच्या वसुलीसाठी कोल्हापूरच्या कोर्टात तारखा घेत बसणार का? आणि ज्या पोराला वाटतं आपण अडकलोय, तो विसाव्या जॉबला थांबून मायक्रोमीटर लावत नाही. ही मी नीतीची गोष्ट सांगत नाही, रिजेक्शनची सांगतोय.

मी ट्रेनिंग विभागात असताना सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला गेटपर्यंत सोडायला जायचो आणि विचारायचो. पैसा सगळ्यांनीच सांगितला. पण जरा वेळ उभं राहिलं की दुसरं काहीतरी निघायचं. “सर, आठ महिने त्याच मशीनवर तोच जॉब.” “सर, पगार कधी वाढणार ते कुणीच सांगत नाही.” एक जण म्हणाला, “सुपरवायझर ए म्हणून हाक मारतात, नाव आहे मला.” अडीच हजारांचा फरक पोरगं कधी कधी गिळतं. पुढं काय आहे हे दिसत नसेल तर मात्र नाही गिळत. तुम्ही पायऱ्या भिंतीवर लावा, मराठीत, पगारासकट. जॉब बांधणे आणि मोजणे. ऑफसेट स्वतः देणे. एका मशीनचं सेटिंग. नवा जॉब लावून पहिला पीस ओके करणे. प्रोग्रॅम बदलणे. प्रत्येक पायरीची परीक्षा कोण घेणार, कधी, आणि पास झाल्यावर पुढच्या महिन्यापासून किती. सहाव्या महिन्यात पहिली वाढ व्हायलाच हवी, कारण सहाव्या महिन्यातच शेजारच्या प्लॉटवरून फोन येतो. तोवर त्याला विचारायची वेळ येऊ देऊ नका.

एवढं करूनही चारातले एक-दोन जातील. जाऊ द्यात. हे लिहिताना तुमचा चेहरा मला दिसतोय. पण तुमचा आत्ताचा तो जुना सेटर कुठून आला होता? कुणीतरी दुसऱ्यानंच शिकवला होता ना? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळ्या वसाहतींत मिळून पोरं फिरतच राहणार. खोट तेव्हा होते जेव्हा शिकवणारे पाच आणि पळवणारे पन्नास असतात. यावर एकट्यानं उपाय नाही. स्मॅक आणि गोशिमासारख्या उद्योजकांच्या संघटना आहेत, तिथं पुढच्या बैठकीत हा विषय काढा: दहा-बारा कारखान्यांनी मिळून दोन जुन्या मशीन, एक निवृत्त निदेशक आणि एक खोली. पहिले तीन महिने सगळ्यांची पोरं तिथं, मग आपापल्या शेडमध्ये. बैठकीत चहापानानंतर लोक उठून जातील, मला माहीत आहे. तीन जण थांबले तरी सुरू करा.

आणि आयटीआयकडे जा. शिव्या द्यायला नव्हे. बऱ्याच आयटीआयत व्यवस्थापन समिती असते आणि तिचा अध्यक्ष उद्योजक असतो. २००७ च्या योजनेत देशातल्या अनेक सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं ते अशा समित्यांच्या हाती. पैसे कुठं कसे लागले हा वेगळा लेख होईल, पण माझा अनुभव असा की या समितीच्या सभेला उद्योजकांच्या खुर्च्या रिकाम्या आणि सह्या मात्र पूर्ण. आता पुन्हा केंद्रानं हजार सरकारी आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी साठ हजार कोटींची योजना २०२५ मध्ये मंजूर केलीय, त्यातही उद्योगांना कारभारात घ्यायचं म्हटलंय. त्याआधीपासून दुहेरी प्रशिक्षणाची सोय आहे: काही महिने आयटीआयत, काही तुमच्या शेडमध्ये, जर्मन धर्तीवर. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा आणि सरळ सांगा, मशीनिस्टची आणि टर्नरची एक तुकडी माझ्याकडे पाठवा. तुमच्याकडे पाच नव्या मशीन आहेत, त्यांच्याकडे विशीतली पोरं आहेत. मधलं अंतर स्कूटरनं तासाचंही नाही.

स्थानिक पोरं येत नाहीत, ओडिशा-झारखंडची आणावी लागतात, हा तुमचा एक परिच्छेद आहे. त्यावर फार लिहीत नाही. पहाटे पाच वाजता कुठल्याही गावाच्या रस्त्यावर उभे राहा, पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. ती आळशी नाहीत. त्यांना ठाऊक आहे की मुलगा फौंड्रीत आहे म्हटल्यावर सोयरीक जमत नाही. मशीन शॉपला पंखे, स्वच्छ मुतारी, नाव लिहिलेला युनिफॉर्म आणि ओळखपत्र द्या, मग बघा. आणि मुलींचा विचार तुमच्या चार पानांत कुठंच नाही. महाराष्ट्रात सरकारी आयटीआयत तीस टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. पास होऊन त्या घरी बसतात, कारण कुणी बोलवत नाही. हबचं वजन उचलायला छोटा हॉइस्ट लागतो, आणि तो पुरुषांनाही लागतो, कंबर सगळ्यांना सारखीच असते. दिवसाच्या शिफ्टला दोन मुली घ्या, दोन, एक नको, एकटी टिकत नाही. त्यांना इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवून ठेवू नका, मशीन द्या.

आता तिसरी शिफ्ट. ती आत्ता लावू नका. ऑर्डर आहे, हप्ता आहे, सगळं समजतं. पण रात्री दोन वाजता तुमचा एकुलता एक सेटर घरी झोपलेला असणार आणि पाच मशीन बटण दाबणाऱ्यांच्या हाती असणार. दीडाचे अडीच लाख व्हायला वेळ लागत नाही. गिऱ्हाइकाशी बोला, तीन-चार महिने मागून घ्या, आठवड्याला थोडा माल वाढवत नेतो म्हणून लिहून द्या. दुसरा सेटर तयार झाल्याच्या दिवशी तिसरी शिफ्ट.

राहिला ता. क. तुमचा पुतण्या दहावीला ६२ टक्क्यांनी पास झाला, त्याला डिप्लोमाला घालावं की बारावी करून इंजिनिअरिंगला, असं विचारलंत. यादीत आयटीआय नाही. चार पानं तुम्ही लिहिलीत की चांगली पोरं आयटीआयला जात नाहीत, आणि ता. क. मध्ये घरचं पोरगं बाजूला काढून ठेवलंत. चेष्टा करत नाही, मीही माझ्या मुलाच्या वेळी हेच केलं होतं, आणि निदेशक होतो तेव्हा.

त्याला विचारून काही ठरवू नका, पंधराव्या वर्षी कुणाला काही माहीत नसतं. सुट्टीत पंधरा दिवस त्याला शेडमध्ये आणा, त्या ताडपत्रीखालच्या लेथवर नव्हे, जुन्या सेटरच्या शेजारी, नुसतं बघायला. त्यानं प्रश्न विचारले तर टर्नर किंवा मशीनिस्टला टाका, दोन वर्षांचा ट्रेड. तो पूर्ण केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तुमचा डिप्लोमाही सुटत नाही, फक्त तिथं पोचेल तेव्हा त्याचे हात काळे झालेले असतील. प्रश्न विचारले नाहीत आणि मोबाइलच बघत बसला, तर बारावीला घाला. आणि सेटरला आधी सांगून ठेवा, मालकाचा पुतण्या आहे म्हणून त्याच्यासमोर पाठ करून उभा राहू नकोस.